निवृत्तीनंतर इतिहास लिहायचाय? वखारीच्या दारातून आत या

पस्तीस वर्षं मी एका कंपनीच्या खरेदी आणि निर्यात विभागात काढली. निवृत्त झालो तेव्हा हाताशी वेळ होता, डोळे शाबूत होते आणि सतराव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर उतरलेल्या परक्या व्यापाऱ्यांबद्दल लिहायची जुनी इच्छा होती. तेव्हापासून तेच करतोय. माझ्यासारखेच मोठ्या हुद्द्यावरून उतरलेले बरेच जण विचारतात की आम्हालाही असं काही लिहायचंय, पण इतिहासाची पदवी नाही, सुरुवात कुठून करायची? त्यांच्यासाठी हे लिहितोय. उदाहरणं सुरत, राजापूर आणि मुंबईची आहेत, कारण तो काळ माझ्या ओळखीचा आहे.

आधी तुमच्या शिदोरीबद्दल. इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी ही शब्दशः कंपनी होती. ३१ डिसेंबर १६०० ला तिला सनद मिळाली. लंडनला भागधारक आणि संचालक, सुरतेला प्रेसिडेंट आणि त्याचं मंडळ, सुरतेच्या हाताखाली राजापूर-कारवारसारख्या लहान वखारी. नोकरांच्या पायऱ्या ठरलेल्या: रायटर, फॅक्टर, मर्चंट, सीनियर मर्चंट. पगार तुटपुंजा, म्हणून जो तो खासगी व्यापारात हात घालणार आणि वरचे त्यावर खुलासे मागणार. या लोकांनी मागे ठेवलेला कागद म्हणजे साठ्याचे हिशेब, बैठकींचे वृत्तांत, बदल्यांच्या तक्रारी, दलालांबद्दलची कुरकुर, पैसे वेळेवर न आल्याची रड. विद्यापीठातल्या तरुण अभ्यासकाला हे समजून घ्यायला वर्ष लागतं. तुम्ही अशी पत्रं आयुष्यभर लिहिली आहेत. वरच्या साहेबाला काय कळवायचं, काय गाळायचं आणि कुठली चूक दुसऱ्या शाखेच्या माथी कशी मारली जाते, हे तुम्हाला कुणी शिकवायला नको.

हीच सवय एका ठिकाणी आडवी येते. आपल्याला कागद वाचून निर्णय द्यायची सवय असते. एका पानाचा सारांश, खाली शिफारस, फाईल बंद. इतिहासात बहुतेक वेळा फाईल एकाच पक्षाची असते आणि दुसऱ्या पक्षाचे कागद कधी दुसऱ्या भाषेत असतात, कधी जळून गेलेले असतात. पहिलं वर्ष निष्कर्ष काढायचाच नाही, असं ठरवून बसा.

विषय: एक गाव, दहा-पंधरा वर्षं

"वसाहतवादाचा उदय" हा विषय घेऊ नका. "कंपनी आणि मराठे" हासुद्धा नको. एक गाव घ्या आणि दहा-पंधरा वर्षं घ्या. राजापूरची वखार, १६६० ते १६७४. जेराल्ड ऑन्जियर गव्हर्नर असतानाची मुंबई, १६६९ ते १६७७. सुरतेचा दलाल भीमजी पारेख, ज्याने कंपनीकडे छापखान्याचा आग्रह धरला आणि १६७४ मध्ये विलायतेहून हेन्री हिल्स नावाचा मुद्रक आणवला. नारायण शेणवी हा दुभाषा, ज्याच्या तोंडून इंग्रज आणि रायगड एकमेकांशी बोलत होते. यातला प्रत्येक विषय दोन वर्षं पुरेल.

विषय बेताचा आहे का, याची माझी एक कसोटी आहे. त्या विषयातल्या दहा माणसांची नावं तुम्हाला महिन्याभरात पाठ झाली पाहिजेत. कोण कुणाचा भाऊ, कोण कुणाचा देणेकरी, कोण कधी वारला हे न बघता सांगता आलं पाहिजे. तेवढं जमत नसेल तर विषय अजून कापा.

आधी छापील, मग हस्तलिखित

उत्साहाच्या भरात लोक थेट दफ्तरखान्यात जातात आणि सतराव्या शतकातलं इंग्रजी हस्ताक्षर बघून महिन्याभरात परत फिरतात. तसं करू नका. आपल्या भाग्याने या काळाची पुष्कळ साधनं छापलेली आहेत. विल्यम फॉस्टर यांनी संपादित केलेली "द इंग्लिश फॅक्टरीज इन इंडिया" ही तेरा खंडांची मालिका १६१८ ते १६६९ हा काळ व्यापते, आणि पुढच्या वर्षांसाठी चार्ल्स फॉसेट यांचे खंड आहेत. पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयाने १९३१ मध्ये "इंग्लिश रेकॉर्ड्स ऑन शिवाजी" छापलं, त्यात १६५९ ते १६८२ मधली पत्रं आहेत. मुंबई शहराच्या गॅझेटियरचे तीन खंड १९०९-१० मध्ये निघाले. यातलं बरंच काही इंटरनेट आर्काइव्हवर फुकट वाचता येतं.

एक सावधगिरी मात्र घ्या. फॉस्टर यांचे खंड म्हणजे पुष्कळदा पत्रांचा सारांश असतो, आणि पुढच्या खंडांत तर तो सलग कथनासारखा होतो. सारांश करणाऱ्याला जे महत्त्वाचं वाटलं ते तिथे आहे. लंडनच्या वाचकाला मिठागराचा भाव कशाला हवा, म्हणून तो गळाला असेल, आणि तुम्हाला नेमका तोच हवा असेल. तेव्हा छापील खंडांतून नकाशा तयार करा: कुठली पत्रं, कुठल्या तारखेची, कुणी कुणाला लिहिलेली. मूळ पत्र बघायला जायचं ते हा नकाशा हातात आल्यावर.

तारखा: इथे सगळ्यांचा पाय घसरतो

माझाही घसरला. पहिला लेख लिहिताना एका पोर्तुगीज पत्राला इंग्रजांनी दिलेलं उत्तर मूळ पत्राच्या आधीच्या तारखेचं निघालं. आधी वाटलं नकलाकाराची चूक असेल. मग वाटलं की हे दुसऱ्याच कुठल्या पत्राचं उत्तर असावं, आणि ते दुसरं पत्र शोधण्यात तीन आठवडे गेले. चूक कुणाचीच नव्हती. दोघे दोन वेगळी कॅलेंडरं वापरत होते, आणि हे मला कुणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर ते तीन आठवडे वाचले असते. म्हणून इथे सविस्तर लिहितो.

पोर्तुगालने नवं, म्हणजे ग्रेगरीय कॅलेंडर ऑक्टोबर १५८२ मध्येच स्वीकारलं. इंग्रज जुन्या ज्युलियन कॅलेंडरला चिकटून राहिले ते थेट सप्टेंबर १७५२ पर्यंत. त्या महिन्यात २ तारखेनंतर एकदम १४ तारीख उजाडली. सतराव्या शतकात या दोघांमध्ये दहा दिवसांचं अंतर होतं. शिवाय इंग्रजांचं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. म्हणजे जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचे पहिले २४ दिवस त्यांच्या लेखी मागच्या वर्षात पडत.

मुंबईचंच उदाहरण घ्या. बेटाचा ताबा इंग्रजांना मिळाला तो पोर्तुगीज दस्ताप्रमाणे १८ फेब्रुवारी १६६५ ला. त्याच दिवशी, त्याच दालनात बसलेला इंग्रज कारकून आपल्या वहीत ८ फेब्रुवारी १६६४ लिहिणार. नव्याने लिहिणारा माणूस हे दोन प्रसंग समजतो आणि त्यांच्यामध्ये वर्षभराची कहाणी रचून मोकळा होतो.

मराठी कागदांत आणखी दोन हिशेब येतात. शालिवाहन शकात ७८ मिळवले की इसवी सन निघतो, आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या दिवसांना ७९ मिळवावे लागतात. सुहूर सन, म्हणजे मराठी दफ्तरांत चालणारा अरबी सन, मृग नक्षत्राला पालटतो. त्यात ५९९ मिळवायचे, आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. रायगडावरचा राज्याभिषेक शके १५९६, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीचा. आपण सगळे ६ जून १६७४ म्हणतो, पण ती ज्युलियन तारीख आहे. त्या समारंभाला हजर असलेल्या कंपनीच्या वकिलाच्या, हेन्री ऑक्झिंडनच्या वृत्तांताशी ती जुळते, कारण तोही त्याच कॅलेंडराने चालणारा. आजच्या कॅलेंडराने तो दिवस १६ जून येतो. कुठली तारीख वापरायची हा निर्णय तुमचा, पण लेखाच्या सुरुवातीला एका ओळीत तो सांगून टाका आणि शेवटपर्यंत पाळा.

करायचं काय, तर नोंदवहीत तारखेचे तीन रकाने ठेवायचे. कागदावर आहे तशी तारीख, ती कुठल्या पद्धतीची, आणि रूपांतर केलेली तारीख. पहिला रकाना कधीही खोडायचा नाही.

नाणी, मापं आणि वेडीवाकडी नावं

एकाच वर्षात होन, रुपया, लारी, महमुदी आणि शेराफीन ही नाणी तुमच्यासमोर येतील. लारी म्हणजे चांदीची दुमडलेली तार. महमुदी गुजरातकडची, शेराफीन पोर्तुगीजांचं. "म्हणजे आजचे किती?" हा प्रश्न वाचक हमखास विचारतो, आणि त्याचं उत्तर देण्याचा मोह टाळा. आजच्या रुपयांत केलेला हिशेब ऐकायला बरा वाटतो, पण त्यातून काही कळत नाही. त्याच वर्षीच्या त्याच वहीत शिपायाला महिना काय मिळत होता आणि भात काय भावाने चाललं होतं हे शोधा, आणि रक्कम त्याच्या शेजारी ठेवा. इंग्लंडच्या राजाने १६६८ मध्ये मुंबई कंपनीला दिली ती वर्षाला १० पौंड भाड्याने. पुढे १६७२ मध्ये ऑन्जियरने बेटावरच्या जमीनधारकांशी करार केला, त्यात त्यांनी वर्षाला २०,००० शेराफीन द्यायचं कबूल केलं. हे दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवले की राजाला या बेटाचं काय मोल वाटत होतं आणि त्या जमिनीतून काय निघत होतं, ते वाचकाला आपोआप दिसतं.

मणाच्या भरवशावर राहू नका. खंडीचे वीस मण सगळीकडे, पण सुरतेचा मण आणि कोकणातला मण एक नव्हे. आपण निर्यातीत होतो, मापाच्या एका गफलतीने अख्खी पाठवणी कशी अडकते हे आपण पाहिलंय. इथे अख्खा निष्कर्ष अडकतो.

नावांची तऱ्हा अशी की शिवाजी महाराज इंग्रजी पत्रांत "सेवाजी" होतात, पन्हाळा "पॅनेला" होतो आणि शेणवी "सिनाय". एका माणसाची तीन पत्रांत तीन स्पेलिंगं असतात. प्रत्येक नावाला एक पान द्या आणि दिसेल तो अवतार तिथे टिपून ठेवा. मराठी वाचकाला हे काम परक्या अभ्यासकापेक्षा सोपं जातं, कारण वेड्यावाकड्या स्पेलिंगमागचं मूळ नाव आपल्या कानाला ओळखू येतं. पत्र मोठ्याने वाचून बघा. डोळ्यांना न उलगडलेलं नाव पुष्कळदा कानाला उलगडतं.

एक पत्र कसं वाचायचं

या कामाचा गाभा इथे आहे, म्हणून राजापूरचं एक प्रकरण जरा जवळून पाहू.

१६६० मध्ये आदिलशाहीच्या सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला होता आणि महाराज आत होते. राजापूरच्या वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन काही इंग्रजांना घेऊन वेढ्यात सामील झाला आणि किल्ल्यावर तोफगोळे टाकले. महाराज वेढ्यातून निसटले. १६६१ मध्ये त्यांनी राजापूर घेतलं, वखारीतले इंग्रज पकडले आणि कैदेत टाकले. सुटका व्हायला १६६३ उजाडलं.

आता कैदेतल्या माणसांची पत्रं वाचा. त्यांत सुरतेच्या वरिष्ठांवर राग आहे. आम्ही कंपनीच्या मालासाठी हे भोगतोय आणि तुम्ही हात बांधून बसलात, असा सूर आहे. एवढंच वाचलंत तर लेख एका प्रकारचा होईल. मग मार्च १६६२ मध्ये सुरतेने पाठवलेलं उत्तर वाचा. तुम्ही कैदेत का पडलात हे सर्वांना ठाऊक आहे, असं सुरतवाले बजावतात. ते कंपनीच्या मालाचं रक्षण करताना घडलेलं नाही. तुम्ही पन्हाळ्याच्या वेढ्यात गेलात आणि सगळे ओळखतात असं इंग्रजी निशाण लावून गोळे टाकलेत, त्याचं हे फळ आहे.

मी ते उत्तर पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ पुढचं पान उलटवलं नाही. मुख्य कार्यालय अडचणीत सापडलेल्या शाखेपासून हात झटकतं तेव्हा कसली भाषा वापरतं, ते मी नोकरीत ऐकलं होतं. ती ओळख पटली म्हणूनच दुसरा प्रश्न सुचला: सुरतेला हे आधी माहीत नव्हतं का? त्यांनी कधी रोखलं होतं का? की रेव्हिंग्टनचा डाव साधला असता तर श्रेय घ्यायला तेही पुढे आले असते? या प्रश्नांसाठी १६६० च्या उन्हाळ्या-पावसाळ्यातली पत्रं काढावी लागतात, आणि तिथून खरं संशोधन सुरू होतं.

म्हणून कुठलंही पत्र हातात आलं की काही गोष्टी आधी टिपा. कुणी लिहिलं, कुणाला, आणि लिहिणाऱ्याला त्या घडीला काय हवं होतं. त्याने जे सांगितलं ते स्वतः पाहिलं होतं की दलालाकडून ऐकलं होतं. आणि पत्र पोचायला किती दिवस लागले. हा शेवटचा मुद्दा नवखे विसरतात. सुरतेहून जहाजं जानेवारीच्या सुमाराला निघत आणि उन्हाळ्यात लंडनला पोचत. लंडनहून उत्तर घेऊन निघालेलं जहाज पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर सुरतेजवळच्या सुवाळीच्या बंदरात लागे. म्हणजे प्रश्न आणि उत्तर यांत दीड वर्षाहून जास्त काळ. लंडनचा हुकूम आला आणि सुरतेने तो मोडला, असं लिहिण्याआधी हुकूम पोचला कधी हे बघा. पुष्कळदा काम आधीच उरकलेलं असतं.

यानंतर ज्यांनी पत्र लिहिलंच नाही, त्यांच्याकडे वळा. राजापुरात इंग्रजांखेरीज दलाल होते, मिरी आणणारे व्यापारी होते, खलाशी होते. त्यांचा उल्लेख आला तर अर्ध्या ओळीत येतो. ती अर्धी ओळ वेगळ्या वहीत उतरवत चला. वर्षभराने त्यातून माणसं उभी राहतात.

दुसरी बाजू: मोडी आणि पोर्तुगीज

नुसत्या इंग्रजी कागदांवर मराठी मुलखाचा इतिहास लिहिणं म्हणजे एका पक्षाच्या वकिलाचं ऐकून निकाल देणं. मोडी शिका. वयाची अडचण नाही. लिपी तीन-चार महिन्यांत ओळखीची होते, मात्र सराव वर्षभर लागतो, कारण शिवकालीन वळण, पेशवेकालीन वळण आणि इंग्रजी अमलातलं वळण वेगवेगळं आहे. वर्गात बहुधा शेवटचं शिकवतात. मोडीसोबत फारसी शब्दांचा एक छोटा कोश जवळ ठेवा, कारण शिवकालीन पत्राचा मायना, काळ आणि हुद्दे सगळे फारसीत भिजलेले असतात.

पोर्तुगीज भाषा पूर्ण शिकणं सर्वांना जमणार नाही. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी गोव्याच्या दफ्तरखान्यातल्या कागदांवर आयुष्य वेचलं, त्यांच्या कामातून आपल्याला बरंच काही मराठीत मिळतं. तरी दोनशे शब्द शिकून ठेवा. आपण समजतो तितकी ती भाषा परकी नाही: पगार, लिलाव, तुरुंग, चावी, बिजागरी, घमेलं, पिंप हे सगळे तिथूनच आले. नोकरीभर आपण ज्या पगाराची वाट पाहिली तो शब्द पोर्तुगीजांनी इथे आणला, हे कळल्यावर मला त्या काळाबद्दल वेगळीच जवळीक वाटू लागली.

दफ्तरखान्यात पहिला दिवस

मुंबईत काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्राचा पुराभिलेख विभाग आहे. सुरत वखारीच्या सतराव्या शतकातल्या वह्या तिथे आहेत. पुण्याचं पुरालेखागार, म्हणजे ज्याला आपण पेशवे दफ्तर म्हणतो, ते मोडीचं माहेर. तिथे कागद रुमालांत बांधलेले असतात. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून काम करतंय. गोव्याचा दफ्तरखाना १५९५ चा, आणि दियोगु दु कोउतु हा त्याचा पहिला रखवालदार. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतले इंडिया ऑफिसचे कागद आणि लिस्बनचं तोरे दो तोम्बो हे पुढच्या टप्प्यासाठी राहू द्या.

जाण्याआधी अर्ज करा. ओळखपत्र घ्या, विषय चार ओळींत लिहून घ्या, आणि त्या चार ओळींत सनावळी असू द्या. "मला शिवकाळावर काही बघायचंय" असं म्हटलं तर काउंटरवरचा माणूस काही देऊ शकत नाही. "सुरतेची १६६० ते १६६३ ची वही बघायची आहे" म्हटलं तर तो उठतो. पेन पिशवीत ठेवा आणि पेन्सिल वापरा. फोटो काढायचे असतील तर परवानगी आणि शुल्क आधी विचारा. पान उलटताना बोट ओलं करायची सवय असेल तर ती घरी सोडा.

आणि आपला जुना हुद्दा तिथे सांगू नका. गठ्ठा आणून देणारा कर्मचारी तीस वर्षं त्याच कपाटांमध्ये वावरलेला असतो. कुठल्या वहीला कीड लागलीय, कुठली वही चुकीच्या क्रमांकाखाली बांधलीय, हे त्याला यादीपेक्षा जास्त ठाऊक असतं. त्याच्यासमोर शिकाऊ म्हणून बसा. माझ्या कामातला सर्वांत उपयोगी कागद मला अशाच एका कर्मचाऱ्याने काढून दिला, मी मागितलेल्या वहीच्या शेजारचा.

पहिल्या दिवशी एक-दोन पानांपलीकडे जाणार नाही. सतराव्या शतकातलं इंग्रजी अक्षर डोळ्यांत बसायला आठवडा-दीड आठवडा लागतो. जे पत्र छापील खंडात संपूर्ण आलंय तेच मूळ वहीत काढा आणि दोन्ही समोरासमोर ठेवून वाचा. अक्षर शिकायचा याहून चांगला मार्ग मला सापडलेला नाही.

टिपणं

स्प्रेडशीट वापरा, तुम्हाला ती येतेच. एका ओळीत एकच गोष्ट. रकाने: तारीख (वर सांगितलेले तिन्ही), जागा, माणसं, काय घडलं, कुणी सांगितलं, कुठल्या वहीत, कुठल्या पानावर. कागदाचे शब्द आणि तुमचा विचार वेगळ्या रकान्यांत, नाहीतर सहा महिन्यांनी आपलंच वाक्य आपण रेव्हिंग्टनचं समजून छापतो. रोज रात्री प्रत काढून दुसरीकडे ठेवा.

जागा पाहून या

राजापूरला जा. नदीच्या कडेला उभं राहिल्यावर कळतं की माल समुद्रातून खाडीने आत कसा यायचा आणि घाटावरून उतरणारी मिरी इथेच का थांबायची. पावसाळ्यानंतर जा आणि भरती-ओहोटी दोन्ही बघा. सुरतेला इंग्रजांच्या दफनभूमीत ऑक्झिंडन बंधूंची घुमटांची कबर आहे. पैसा आणि मरण ही दोन्ही त्या माणसांच्या किती जवळ होती हे तिथे जेवढं दिसतं तेवढं कागदात दिसत नाही.

लिहायला बसल्यावर

पहिला लेख दीड-दोन हजार शब्दांचा ठेवा आणि एका प्रसंगावर लिहा. अहवालाची भाषा सोडायला त्रास होईल. "करण्यात आले", "निदर्शनास आले" हे शब्द बोटांतून आपोआप येतात. प्रत्येक वेळी विचारा: कुणी केलं? कुणाच्या लक्षात आलं? नाव घाला. नाव माहीत नसेल तर वाक्य पुन्हा बघा, कारण तुमची माहितीच अपुरी आहे.

काही शब्द तपासून वापरा. १६६० मध्ये "ब्रिटिश" नव्हते. इंग्लंड आणि स्कॉटलंड एक झाले १७०७ मध्ये. तोवर आपल्याकडे होते ते इंग्रज. "राज्यकर्ते" हा शब्दही तेव्हाच्या इंग्रजांना लावू नका. सुरतेत ते मोगलांच्या परवान्यावर राहणारे व्यापारी होते, आणि राजापुरात काय झालं ते वर आलंच आहे. पुढे काय होणार हे आपल्याला ठाऊक असतं, त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांचं ते न कळणं लेखात जपता आलं तर तुमचा वाचक त्या काळात शिरतो.

आणि सगळ्यांनी शंभरदा लिहिलेलं वाक्य लिहिण्याआधी थांबा. "मुंबईची सात बेटं आंदण मिळाली" हे वाक्य घ्या. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन यांच्या लग्नाच्या १६६१ च्या तहात शब्द आहेत ते मुंबईचं बंदर आणि बेट. किती बेटं, माहीम त्यात धरायचं की नाही, यावरून पोर्तुगीज आणि इंग्रज यांच्यात जुंपली. गोव्याचा व्हाइसरॉय आंतोनिओ द मेलो इ कास्त्रो ताबा द्यायलाच तयार नव्हता. बेट ताब्यात घ्यायला आलेला अब्राहम शिपमन आपल्या शिपायांसह कारवारजवळ अंजदीव बेटावर अडकून पडला, तिथे आजाराने माणसं मेली आणि १६६४ मध्ये तोही गेला. शेवटी त्याचा सचिव हंफ्री कुक याने ताबा घेतला, तो डोना इनेस द मिरांडा या विधवा जमीनदारणीच्या घरात. मुंबईच्या उत्तरेची साष्टी तर पोर्तुगीजांकडेच राहिली, १७३७ मध्ये मराठ्यांनी वसईच्या मोहिमेत ती घेईपर्यंत. "आंदण" या एका शब्दाखाली हे सगळं गाडलं जातं.

मसुदा झाला की दोघांना वाचायला द्या. एक त्या विषयातला जाणकार, जो तारखा तपासेल. दुसरा इतिहास न वाचणारा, जो कुठे कंटाळा आला ते पानावर खूण करून सांगेल. नोकरीत हाताखाली काम केलेल्या कुणाला देऊ नका, तो चांगलंच म्हणणार. जाणकाराने काढलेली प्रत्येक चूक स्प्रेडशीटच्या मूळ ओळीत जाऊन दुरुस्त करा, नुसत्या लेखात नको, कारण तीच ओळ दुसऱ्या लेखात पुन्हा वापरली जाते. चुकीची ओळ पुसू नका. शेजारी दुरुस्तीची तारीख आणि कुणी दाखवली त्याचं नाव लिहा.